न्यूट्रॉन प्रतिमांकनासाठी पर्यायी डिटेक्टर : काळ्या जमिनीतील तुरीच्या मुळांसाठी कोणता मार्ग धरावा?

प्रश्न – कोरडवाहू_परभणी

नमस्कार. मी परभणी येथे मृदाशास्त्रात पीएच.डी. करीत आहे. पावसाने ओढ दिल्यावर तुरीचे रोप भारी काळ्या जमिनीतील पाणी कोणत्या मुळांनी आणि किती खोलीवरून उचलते, हा माझा विषय आहे. ऑगस्टमध्ये खंड पडला की सोयाबीन माना टाकते आणि त्याच शेतातील आंतरपिकाची तूर तग धरून राहते, हे मराठवाड्यातील प्रत्येक शेतकरी पाहतो. परंतु त्या दिवसांत मुळाभोवतीच्या दोन-तीन मिलिमीटर मातीत ओलाव्याचे काय होते, याचे चित्र आपल्याकडे नाही. मुळे खणून, धुऊन मोजण्याच्या पद्धतीत बारीक मुळे तुटतात आणि ओलाव्याची माहिती तर धुण्याबरोबरच संपते. क्ष-किरणांत पाणी आणि माती यांच्यातील भेद फिका पडतो. न्यूट्रॉन मात्र पाण्यातील हायड्रोजनमुळे जोराने विखुरतात आणि ॲल्युमिनियम किंवा वाळूतून बऱ्याच अंशी सरळ पार होतात. म्हणून ॲल्युमिनियमच्या चपट्या पेटीत रोप वाढवून त्याच्या न्यूट्रॉन प्रतिमा घ्याव्यात, असा प्रस्ताव मी लिहीत आहे. स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेत ल्यूपिनच्या मुळांवर अशा प्रकारचे काम झालेले आहे. मात्र ते वालुकामय मातीत झाले, आमच्याकडील चिकण काळ्या मातीत नव्हे.

माझी अडचण डिटेक्टरची, म्हणजे न्यूट्रॉन टिपणाऱ्या उपकरणाची आहे. न्यूट्रॉन मोजणाऱ्या नळ्यांत भरला जाणारा हेलियम-३ वायू मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही, असे सगळीकडे वाचायला मिळते. त्यामुळे पर्यायी डिटेक्टर आपणच विकसित करावा आणि तो प्रस्तावाचा एक भाग करावा, अशी मार्गदर्शकांची सूचना आहे. माझ्या वाचनाप्रमाणे गॅडोलिनियम या न्यूट्रॉन शोषणाऱ्या धातूचा पातळ पडदा वापरल्यास १० मायक्रोमीटरपर्यंतचे बारकावे दिसू शकतात. तो मार्ग धरावा का? विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत अमेरिशियम-बेरिलियमचा न्यूट्रॉन स्रोत असल्यास त्यावर आधी चाचणी घेता येईल का? पेटीची आतील जाडी मी १० मिलिमीटर धरली आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर – निवृत्त_उपकरणकार

ताई, आपला विषय मनापासून आवडला. माझी नोकरी न्यूट्रॉन उपकरणांच्या सान्निध्यात गेली, त्या आधारावर लिहितो. आधी हेलियम-३ चा प्रश्न बाजूला करू, कारण तो आपला प्रश्न नाही.

हेलियम-३ हा ट्रिटियमच्या (हायड्रोजनच्या किरणोत्सर्गी रूपाच्या) क्षयातून मिळतो. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे असून जगातील बहुतेक पुरवठा अण्वस्त्रांसाठी साठवलेल्या ट्रिटियमवर अवलंबून होता. २००१ नंतर अमेरिकेत बंदरांवर आणि सीमांवर किरणोत्सर्गी पदार्थ शोधणारी यंत्रे मोठ्या प्रमाणावर बसवली गेली, त्यांत हा वायू भराभर खर्ची पडला आणि २००८-०९ च्या सुमारास टंचाई उघड झाली. त्याचा मोठा फटका नमुन्यातून विखुरलेले न्यूट्रॉन टिपणाऱ्या प्रयोगांना बसला, कारण तेथे कित्येक चौरस मीटर क्षेत्रावर हेलियम-३ च्या नळ्या लावाव्या लागतात. प्रतिमांकनात त्या नळ्यांना फारसे स्थान कधी नव्हतेच. न्यूट्रॉन शोषल्यावर निघणारा प्रोटॉन वायूमध्ये बरेच अंतर धावतो, त्यामुळे स्थाननिश्चिती मिलिमीटरच्या पातळीवरच राहते. मुळाच्या प्रतिमेला ती पुरत नाही.

प्रतिमांकनात पर्यायांचा शोध वेगळ्या कारणांसाठी चालतो : अधिक बारीक प्रतिमा, कमी वेळात प्रतिमा, गॅमा किरणांची बाधा नसलेली प्रतिमा, आणि प्रत्येक न्यूट्रॉनच्या येण्याच्या वेळेची नोंद. या चारही गोष्टी एकाच डिटेक्टरमध्ये भरपूर मिळत नाहीत. म्हणून प्रस्तावात डिटेक्टरचे नाव लिहिण्याआधी, आपल्या प्रश्नाला किती न्यूट्रॉन मोजावे लागतील याचा हिशेब लिहावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

तो हिशेब येथेच करून दाखवतो. उष्मीय, म्हणजे मंद केलेल्या, न्यूट्रॉनांसाठी पाण्याचा क्षीणन गुणांक (किरण अडवण्याचे प्रमाण) सेंटिमीटरला सुमारे ३.५ धरावा. आपल्या १० मिलिमीटर पेटीत आकारमानाने ४० टक्के ओलावा असेल, तर न्यूट्रॉनच्या वाटेत ४ मिलिमीटर पाणी येते आणि जवळपास एक चतुर्थांश न्यूट्रॉनच पलीकडे पोहोचतात. मुळाशेजारी २ मिलिमीटर मातीत ओलावा आकारमानाच्या ५ टक्क्यांनी उतरला, तर वाटेतील पाणी ०.१ मिलिमीटरने घटते आणि प्रतिमेतील उजेड साडेतीन टक्क्यांनी बदलतो. हा बदल खात्रीने ओळखायचा, तर मोजणीतील अनिश्चितता एक टक्क्याच्या आसपास हवी. म्हणजे प्रत्येक चौकटीत, अर्थात पिक्सेलमध्ये, दहा हजार न्यूट्रॉन टिपले गेले पाहिजेत.

आता समजा, अणुभट्टीतून नमुन्यावर दर चौरस सेंटिमीटरला सेकंदाला दहा लाख न्यूट्रॉन येत आहेत, चौकट ०.१ मिलिमीटरची आहे आणि पडदा पाचपैकी एक न्यूट्रॉन टिपतो. मोकळ्या किरणात दहा हजारांचा आकडा गाठायला ५०० सेकंद लागतील. ओल्या मातीमागे चौपट, म्हणजे सुमारे अर्धा तास. चौकट १० मायक्रोमीटरची केली की तिचे क्षेत्रफळ शंभरपट घटते आणि वेळ शंभरपट वाढतो. ते झाले दोन दिवसांहून अधिक. गॅडोलिनियमचा पडदा दुप्पट न्यूट्रॉन शोषेल असे धरले तरी पूर्ण दिवस जातो, आणि तेवढ्या वेळात रोपाने दिवसाचे पाणी उचललेले असते व मूळ पुढे सरकलेले असते. ज्या क्षणाची प्रतिमा घ्यायची, तो क्षणच हातात राहत नाही.

याखेरीज किरणाची स्वतःची मर्यादा आहे. समांतरकाची, म्हणजे किरण समांतर करणाऱ्या नळीची, लांबी आणि त्याच्या तोंडाचा व्यास यांचे गुणोत्तर, ज्याला आम्ही एल बाय डी म्हणतो, ते १२५ असेल आणि मूळ पडद्यापासून १ सेंटिमीटर अंतरावर असेल, तर प्रतिमेची कड ८० मायक्रोमीटर पसरणारच. अशा किरणात १० मायक्रोमीटरचा पडदा लावून काहीही पदरात पडत नाही. पॉल शेरर संस्थेत ५ मायक्रोमीटरहून बारीक भेद दाखवणारी व्यवस्था उभी राहिली आहे हे खरे. परंतु तेथे गॅडोलिनियम-१५७ हे समस्थानिक समृद्ध केलेला पडदा, खास बनवलेले भिंग, तीव्र किरण आणि पडद्याला खेटून ठेवलेले लहान नमुने अशी सगळी सांगड आहे.

सारांशाने नव्हे, पण आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर म्हणून सांगतो : लिथियम-६ फ्लोराइड आणि झिंक सल्फाइड यांचा १०० ते २०० मायक्रोमीटर जाडीचा सिंटिलेटर (न्यूट्रॉन पडताच चमकणारा) पडदा, ४५ अंशांवर आरसा आणि थंड केलेला कॅमेरा, ही जुनीच व्यवस्था आपल्या कामाला सर्वांत योग्य आहे. एका न्यूट्रॉनमागे लिथियम-६ मधून ४.७८ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट) ऊर्जा सुटते आणि त्यातून दीड लाखांच्या घरात प्रकाशकण निघतात. गॅडोलिनियममध्ये प्रकाश निर्माण करणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा काही दहा केईव्हीच (हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट) असते, त्यामुळे उजेड फार मंद असतो. शिवाय गॅडोलिनियम जड मूलद्रव्य असल्याने अणुभट्टीतील गॅमा किरणही त्यात अधिक नोंदले जातात. आपल्याला एक टक्क्याच्या अचूकतेने उजेड मोजायचा आहे, त्यामुळे गॅमाचा हा भार परवडणारा नाही.

उत्तर – भौतिकी_नांदेड

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त स्रोताच्या चाचणीबद्दल आणि बांधणीबद्दल भर घालतो, कारण महाविद्यालयीन पातळीवर खरे काम तेथेच करता येते.

अमेरिशियम-बेरिलियमच्या एका क्युरीमागे सेकंदाला सुमारे २२ लाख न्यूट्रॉन निघतात. ५ क्युरीचा स्रोत न्यूट्रॉन मंद करणाऱ्या पॅराफिन मेणात ठेवला, तर स्रोताजवळ उष्मीय न्यूट्रॉनांचा प्रवाह चौरस सेंटिमीटरला सेकंदाला काही दहा हजारांपर्यंत मिळतो. तो समांतर करायला गेलो, की एल बाय डीच्या वर्गाला १६ ने गुणून जो आकडा येतो, त्याने प्रवाहाला भागावे लागते. एल बाय डी केवळ २० ठेवले तरी भाजक ६४०० होतो आणि चौरस सेंटिमीटरला सेकंदाला मोजके चार-पाच न्यूट्रॉन उरतात. ०.१ मिलिमीटरच्या चौकटीत अर्ध्या तासाला एखादा न्यूट्रॉन येईल. मुळाची प्रतिमा अशा स्रोतावर निघणार नाही, हे प्रस्तावात स्पष्ट लिहावे. परीक्षक हा हिशेब करणारच आहेत.

तरीही स्रोताचा उपयोग आहे. समांतरक काढून टाका, पडदा पॅराफिनच्या ठोकळ्याला टेकवा, मागे फोटोमल्टिप्लायर नळी (मंद उजेडाचे विद्युत स्पंद करणारी) लावा आणि स्पंदांची उंची मोजा. मध्ये उष्मीय न्यूट्रॉन अडवणारा १ मिलिमीटर जाडीचा कॅडमियमचा पत्रा ठेवून आणि काढून असे दोन्ही वेळा मोजले, की फरकातून केवळ उष्मीय न्यूट्रॉनांचा वाटा हाती येतो. याच पद्धतीने दोन वेगळ्या जाडीच्या किंवा वेगळ्या मिश्रणाच्या पडद्यांची तुलना होते आणि ती तुलना प्रकाशित करण्याजोगी असते. कॅडमियम विषारी आहे. तो कापायचा झाल्यास करवत किंवा कानस लावू नये, कात्रीने कापावा आणि हातमोजे घालावेत. स्रोत वापरण्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आणि विकिरण सुरक्षा अधिकारी अनिवार्य आहेत. त्या कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून ते काम पहिल्या सत्रातच सुरू करावे.

आता पेटीविषयी, म्हणजे प्रकाशबंद पेटीविषयी. पडदा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर असतो आणि न्यूट्रॉन पत्र्याच्या बाजूने आत येतात. मागच्या बाजूने निघालेला निळसर किंवा हिरवट उजेड आरशावर पडून काटकोनात वळतो आणि कॅमेऱ्याकडे जातो. आरसा पुढील पृष्ठावर मुलामा असलेलाच घ्यावा. घरातील आरशाच्या काचेमुळे दुहेरी प्रतिमा पडते आणि बारीक मूळ जोडमूळ दिसू लागते. पेटीच्या आतील बाजूला चकाकी नसलेला काळा रंग द्यावा. केबल जेथून आत येते ते छिद्र आणि झाकणाची कड येथून उजेड शिरतो. खोलीतला दिवा लावून आणि मालवून अशा दोन लांब प्रतिमा घेऊन वजाबाकी केली, की गळती कोणत्या कोपऱ्यात आहे ते लगेच दिसते. कॅमेऱ्याभोवती बोरॉनमिश्रित पॉलिथिलीन आणि शिसे हवेच. तरीही गॅमा किरण संवेदकावर आदळून प्रतिमेत पांढरे ठिपके उमटतात, म्हणून एक लांब प्रतिमा घेण्याऐवजी तेवढ्याच वेळात अनेक लहान प्रतिमा घ्याव्यात आणि प्रत्येक चौकटीचा मध्यक काढावा. ठिपका प्रत्येक वेळी वेगळ्या जागी पडत असल्याने तो मध्यकात टिकत नाही.

कॅमेरा फार महागडा घेण्याची गरज नाही. आकाशनिरीक्षणासाठी मिळणारे थंड केलेले सीमॉस कॅमेरे अशा कामात वापरले गेले आहेत. पैसा भिंगावर खर्च करावा, कारण पडद्यावरचा बहुतेक प्रकाश भिंगापर्यंत पोहोचतच नाही; हजारातले काही थोडे प्रकाशकणच आत शिरतात, आणि भिंगाचे तोंड जितके मोठे तितका हा वाटा वाढतो.

उत्तर – वाफसा_लातूर

मी भौतिकशास्त्राचा माणूस नाही. कृषी संशोधनात असताना जमिनीतील ओलावा मोजण्यासाठी न्यूट्रॉन प्रोब वापरलेला आहे, तेवढीच या विषयाशी ओळख. तोही याच तत्त्वावर चालतो : अमेरिशियम-बेरिलियममधून निघालेले वेगवान न्यूट्रॉन मातीतील हायड्रोजनवर आदळून मंद होतात आणि नळीतील बोरॉन ट्रायफ्लोराइड किंवा हेलियम-३ त्यांना मोजतो. प्रोब काळ्या जमिनीत वापरताना प्रत्येक ठिकाणी नव्याने अंशांकन (वाचनाची प्रत्यक्ष ओलाव्याशी जुळणी) करावे लागत असे, कारण चिकणमातीच्या कणांच्या रचनेतच हायड्रोजन बसलेला असतो. तोच प्रश्न ताईंपुढे येणार आहे.

मॉन्टमोरिलोनाइट या काळ्या मातीतील चिकण खनिजाच्या वजनात सुमारे ५ टक्के पाणी रचनेचा भाग म्हणून असते. ते उन्हात वाळवून जात नाही. त्याशिवाय आपली काळी माती सावलीत पूर्ण वाळली असे वाटले तरी कणांवर धरलेला ओलावा बराच उरतो. म्हणून कोरड्या मातीची प्रतिमा ही शून्य ओलाव्याची प्रतिमा समजू नये. ज्या मातीने पेटी भरायची त्याच मातीचे वेगवेगळ्या ओलाव्याचे लहान नमुने, ओव्हनमध्ये १०५ अंश सेल्सिअसला वाळवून वजन ठरवलेले, त्याच किरणात ठेवून अंशांकनाची रेषा काढावी.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, आणि ती कोणत्याही डिटेक्टरने सुटणारी नाही. काळी माती वाळताना आकसते. चपट्या पेटीत ती आधी ॲल्युमिनियमच्या भिंतीपासून सुटते आणि मग उभी भेग पडते. भिंत व माती यांच्यात निर्माण झालेल्या त्या फटीत मुळे घुसतात, कारण तेथे त्यांना रोध नसतो, आणि प्रतिमेत भरपूर मुळे दिसून आपण समजतो की तुरीने मुळांचा पसारा वाढवला. भेगेमुळे मातीची जाडी कमी झाली, तरी प्रतिमेत ओलावा घटल्यासारखाच परिणाम दिसतो. माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळून, थोड्या ओलाव्यावर थरथराने भरून, ठरावीक घनतेला दाबली आणि पेटीची एक भिंत स्प्रिंगच्या दाबाने आत सरकेल अशी केली, तर फट बरीच टाळता येईल असे मला वाटते. मात्र सरकलेल्या भिंतीमुळे जाडी किती बदलली याची नोंद प्रत्येक प्रतिमेबरोबर ठेवावी लागेल. खरे तर भेग हीसुद्धा आपल्या जमिनीचे वास्तव आहे. शेतात तूर भेगेच्या कडेने खोल जाते का, हाच कदाचित या प्रबंधाचा सर्वांत मोलाचा प्रश्न ठरेल.

प्रतिसाद – कोरडवाहू_परभणी

आपण सर्वांनी इतका वेळ काढून लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. निवृत्त_उपकरणकार सरांनी दिलेल्या पद्धतीने मी आमच्या मातीचा हिशेब केला. आमच्या नमुन्यात चिकणमाती सुमारे ५५ टक्के आहे आणि भरण घनता घनसेंटिमीटरला १.३ ग्रॅम धरली, तर रचनेतील हायड्रोजनच आकारमानाने साडेतीन टक्के पाण्याइतका होतो. १० मिलिमीटरच्या पेटीत त्यामुळे बारा टक्के न्यूट्रॉन कायमचे कमी होतात. ते सोसण्यासारखे आहे. पाणी देऊन संपृक्त केलेल्या मातीत मात्र ५५ टक्के ओलावा भरतो आणि त्या पेटीतून पंधरा टक्क्यांहून कमी न्यूट्रॉन पार होतात. म्हणून जाडी ६ मिलिमीटरवर आणण्याचा विचार आहे. तेवढ्या जागेत रोपाचे सोटमूळ दबून जाईल का, हे आधी परभणीतच साध्या पेट्यांमध्ये रोपे वाढवून पाहीन.

प्रतिमेचा वेळ अर्धा तास असला तरी माझे काम भागते, कारण ताणाचा काळ कित्येक दिवसांचा आहे. फक्त ताण दिलेल्या रोपाला पुन्हा पाणी दिल्यानंतरची पहिली काही मिनिटे पाहायला मिळावीत, अशी इच्छा आहे. ल्यूपिनवरील कामात वाळलेली मुळालगतची माती पुन्हा ओली व्हायला वेळ घेते, असे दिसले होते. त्यासाठी वेगवान डिटेक्टर आवश्यक आहे का? आणि मार्गदर्शकांना डिटेक्टर विकासाचा भाग प्रस्तावात हवाच आहे. तो कोणत्या दिशेने ठेवावा?

उत्तर – बोरॉनदहा_संभाजीनगर

डिटेक्टर विकासाच्या दिशेबद्दल मी लिहितो. वरील मतांपेक्षा माझे मत थोडे वेगळे आहे.

लिथियम-६ चा पडदा उत्तम आहे याविषयी वाद नाही, परंतु नैसर्गिक लिथियममध्ये लिथियम-६ केवळ साडेसात टक्के असतो आणि समृद्ध केलेल्या लिथियम-६ वर सर्वत्र कडक नियंत्रण आहे. तयार पडदा विकत घेता येतो. संशोधनासाठी वेगवेगळी मिश्रणे करून पाहायला चूर्ण मिळवणे ही विद्यापीठाच्या आवाक्याबाहेरची गोष्ट आहे. बोरॉनचे तसे नाही. नैसर्गिक बोरॉनमध्ये बोरॉन-१० वीस टक्के असते, आणि उष्मीय न्यूट्रॉन शोषण्याची क्षमता नैसर्गिक बोरॉनची ७६७ बार्न (हे या क्षमतेचे एकक), तर नैसर्गिक लिथियमची केवळ ७१ बार्नच्या आसपास आहे. म्हणजे बाजारात मिळणाऱ्या साध्या बोरॉनच्या संयुगापासूनही आपण सुरुवात करू शकतो. पुढे समृद्ध बोरॉन लागलेच, तर हेवी वॉटर बोर्ड ते आपल्याच देशात तयार करते. आपल्याकडच्या विद्यापीठांनी याच वाटेने जावे, असे मला अगदी तळमळीने वाटते.

बोरॉनमध्ये ऊर्जा कमी सुटते. बहुतेक वेळा अल्फा आणि लिथियमचा अणुगर्भ मिळून २.३ एमईव्ही, त्यामुळे झिंक सल्फाइडमध्ये उजेड लिथियमच्या पडद्यापेक्षा मंद पडतो. पण हे दोन्ही कण काही मायक्रोमीटरांतच थांबतात. लिथियम-६ मधून निघणारा ट्रिटियमचा कण काही दहा मायक्रोमीटर धावतो, म्हणून त्याचा ठिपका मुळातच पसरट असतो. बोरॉनच्या पडद्यात ठिपका आटोपशीर राहतो. संयुग निवडताना रंगाकडे लक्ष द्यावे : बोरॉन कार्बाइड काळे असल्याने स्वतःच प्रकाश गिळते, तर बोरॉन नायट्राइड आणि बोरिक ऑक्साइड पांढरे आहेत. झिंक सल्फाइडचे चूर्ण स्वतःच्या प्रकाशालाही पुरते पारदर्शक नसते, म्हणून पडदा जाड करत गेल्याने लाभ होत नाही. एका मर्यादेनंतर पुढच्या थरातला उजेड मागे पोहोचतच नाही. दोन चूर्णांचे प्रमाण, कणांचा आकार आणि थराची जाडी या तीन गोष्टी बदलत नांदेडच्या सरांनी सांगितलेल्या पद्धतीने मोजणी केली, तर एका विद्यार्थ्याचा प्रबंध त्यात सहज उभा राहतो. तो विद्यार्थी ताई नसाव्यात, भौतिकशास्त्राचा असावा, आणि प्रस्ताव दोन विभागांनी मिळून द्यावा.

वायूवर चालणाऱ्या जेम (गॅस इलेक्ट्रॉन मल्टिप्लायर) डिटेक्टरचा मोह मात्र टाळावा. ५० मायक्रोमीटर जाडीच्या कॅप्टॉन या प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याला दोन्ही बाजूंनी तांबे आणि त्यात ७० मायक्रोमीटरची छिद्रे, अशी ही १९९७ मध्ये सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत पुढे आलेली सुंदर कल्पना आहे. त्यावर बोरॉन कार्बाइडचा थर देऊन न्यूट्रॉन मोजता येतात, गॅमाचा त्रास जवळजवळ नसतो आणि मोजणीचा वेगही मोठा मिळतो. पण बोरॉनचा थर दोन-तीन मायक्रोमीटरहून जाड केला, तर आत निर्माण झालेले कण वायूपर्यंत बाहेर येत नाहीत, त्यामुळे सरळ येणाऱ्या न्यूट्रॉनांसाठी एका थराची कार्यक्षमता पाच टक्क्यांच्या आसपासच अडते. थरांवर थर रचावे लागतात. विखुरलेले न्यूट्रॉन टिपणाऱ्या मोठ्या क्षेत्राच्या प्रयोगांत तो हेलियम-३ चा खरा पर्याय आहे. मुळांच्या प्रतिमेसाठी नव्हे.

उत्तर – निवृत्त_उपकरणकार

बोरॉनच्या पडद्याची सूचना मला पटली. त्यात एक जोड देतो, जेणेकरून वेगवान प्रतिमेच्या प्रश्नाचेही उत्तर होईल.

गेल्या काही वर्षांत टाइमपिक्स-३ या चिपवर आधारित कॅमेरे आले आहेत. ते ठरावीक वेळाने पूर्ण चित्र घेत नाहीत. ज्या चौकटीवर प्रकाश पडला तिचे स्थान आणि दीड नॅनोसेकंदाच्या अचूकतेने वेळ नोंदवतात. सिंटिलेटरवर एका न्यूट्रॉनमुळे उठलेली चमक अनेक चौकटींवर पसरते, तिचा मध्य गणिताने काढला की स्थान चमकेच्या आकारापेक्षा बारीक कळते, आणि गॅमाची चमक आकाराने वेगळी असल्याने ती चाळून टाकता येते. याच चिपच्या आधीच्या आवृत्तीवर, बोरॉन व गॅडोलिनियम मिसळलेल्या सूक्ष्मनलिका पट्ट्या (असंख्य बारीक छिद्रांच्या काचेच्या चकत्या) लावून ५५ मायक्रोमीटरच्या चौकटी मिळवणारे डिटेक्टरही झाले आहेत. त्यांचे क्षेत्र मात्र चार चिप जोडूनही २८ × २८ मिलिमीटरच भरते. आपली पेटी त्याहून कितीतरी मोठी आहे.

तरीही आपल्या कामासाठी हा कॅमेरा मागू नये. पाणी दिल्यानंतरच्या मिनिटांसाठी अडचण कॅमेऱ्याच्या वेगाची नसून न्यूट्रॉनांच्या संख्येची आहे. अर्ध्या तासाऐवजी एका मिनिटात प्रतिमा हवी असेल, तर तीसपट कमी न्यूट्रॉन मिळतील आणि अनिश्चितता साडेपाच टक्क्यांपर्यंत जाईल. त्यावर उपाय चौकटी एकत्र करण्याचा आहे : ०.५ मिलिमीटरच्या चौकटी करा, क्षेत्रफळ पंचवीसपट होईल आणि एक टक्क्याच्या जवळची अचूकता एका मिनिटात परत मिळेल. पाणी मुळापर्यंत पोहोचण्याचा पुढावा पाहायला तेवढी बारीकी पुरेल. पुन्हा पाणी देताना जड पाणी (ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असते) वापरले, तर आणखी एक लाभ आहे. ड्यूटेरियम हायड्रोजनच्या तुलनेत न्यूट्रॉनांना दहापटींहून कमी विखुरतो, म्हणून नवे पाणी जुन्या ओलाव्याहून फिके दिसते आणि ते मुळात कोठून शिरले हे ओळखता येते.

एक सावधगिरी अद्याप कोणी लिहिलेली नाही. मातीतील हायड्रोजनने विखुरलेले न्यूट्रॉनही पडद्यावर येतात आणि ओलावा असतो त्यापेक्षा कमी भासवतात. पेटी पडद्यापासून दोन-तीन सेंटिमीटर दूर ठेवली तर हा भार घटतो, पण कडा अधिक पसरतात. दोन्हींचा मेळ घालून अंतर ठरवावे आणि न्यूट्रॉन पूर्ण अडवणाऱ्या लहान ठोकळ्यांची जाळी नमुन्यापुढे ठेवून एक प्रतिमा घ्यावी. ठोकळ्यांच्या सावलीत जेवढा उजेड दिसेल तेवढा विखुरलेल्या न्यूट्रॉनांचा, आणि तो सर्व प्रतिमांतून वजा करायचा. आपल्या मातीसाठी ही दुरुस्ती डिटेक्टरच्या निवडीपेक्षा अधिक परिणाम करील.

किरणवेळेसाठी, म्हणजे न्यूट्रॉन किरण वापरायला मिळण्यासाठी, ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीचा विचार करावा. विद्यापीठांतील संशोधकांना तेथील न्यूट्रॉनांचा उपयोग करता यावा, यासाठी यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम फॉर सायंटिफिक रिसर्चचे मुंबई केंद्र काम करते. आधी त्यांच्याकडे पत्राने चौकशी करावी. कल्पाक्कमची कामिनी अणुभट्टी ३० किलोवॉटचीच असली तरी न्यूट्रॉन रेडिओग्राफीत तिचा अनुभव मोठा आहे. कोठेही गेलात तरी किरणात राहिलेली पेटी लगेच परत मिळेल असे धरू नका. ॲल्युमिनियममधील किरणोत्सर्ग काही मिनिटांत विरतो, परंतु बेसॉल्टपासून झालेल्या आपल्या मातीत मँगनीज आणि सोडियम असते; मँगनीज-५६ चे अर्धायुष्य सुमारे अडीच तास आणि सोडियम-२४ चे १५ तास आहे. सुरक्षा विभागाने मोजून परवानगी दिल्यावरच पेटी बाहेर येईल. म्हणून एकाच रोपावर सगळा भरवसा न ठेवता, वेगवेगळ्या ताणाच्या टप्प्यांवरील रोपे एकाच वेळी घेऊन जावीत आणि परभणीहून मुंबईपर्यंतच्या प्रवासात भरलेल्या पेट्यांना धक्का बसून माती भिंतीपासून सुटणार नाही, अशी आधाराची मांडणी आधी करून घ्यावी.

प्रतिसाद – कोरडवाहू_परभणी

सर, विखुरलेल्या न्यूट्रॉनांची दुरुस्ती आणि मातीचे अंशांकन हे दोन्ही भाग आता प्रस्तावात स्वतंत्र परिच्छेद म्हणून घालत आहे. मुख्य प्रयोगासाठी लिथियम-६ चा तयार पडदा आणि बोरॉन नायट्राइडच्या पडद्याचा विकास भौतिकशास्त्र विभागाकडे, अशी मांडणी मार्गदर्शकांपुढे ठेवीन. वाफसा_लातूर सरांना विनंती आहे, की सरकत्या भिंतीच्या पेटीत स्प्रिंगचा दाब किती ठेवावा आणि तुरीच्या सोटमुळाला तो सोसेल का, याबद्दल त्यांचा अंदाज कळवावा. पहिल्या सहा पेट्या येत्या आठवड्यात येथील कार्यशाळेत करून घेणार आहे.

उत्तर – वाफसा_लातूर

दाबाचा आकडा मी अंदाजाने सांगणार नाही. दोन पेट्या स्प्रिंगविना ठेवा, दोन हलक्या आणि दोन जड स्प्रिंगच्या करा. सहाही पेट्यांत एकाच दिवशी, एकाच वाणाची तूर टोकून द्या. पाणी तोडल्यानंतर रोज सकाळी पेटीचे वजन आणि भिंतीचे सरकणे लिहून ठेवा, आणि शेवटी पेट्या उघडून सोटमूळ चपटे झाले आहे का ते डोळ्यांनी पाहा. वजनाच्या नोंदीतून रोपाने उचललेले एकूण पाणीही कळेल, आणि पुढे न्यूट्रॉन प्रतिमांतून काढलेला ओलावा त्याच्याशी ताडून पाहता येईल.